नमुन्याचं घर: कुणी मांडलं, कुणी मोजलं

गटाच्या बैठकीत आपण हप्ता, व्याज, पासबुक, शेळीचं कर्ज हे सगळं दर महिन्याला बोलतो. आज जरा वेगळा विषय आणला आहे. आज घरातल्या खोल्यांचा इतिहास बघू. त्यातही नमुन्याच्या घरांचा, म्हणजे लोकांनी येऊन बघावं म्हणून जी घरं उभी केली गेली त्यांचा.

शहरात हा प्रकार नेहमीचा आहे. बिल्डर इमारत पूर्ण व्हायच्या आधी एक सॅम्पल फ्लॅट सजवून ठेवतो. मोठ्या शहरांत तर अशी प्रदर्शनं भरतात की एकच घर घ्यायचं आणि त्यातली एकेक खोली एकेका सजावटकाराला द्यायची. एकाने बैठक सजवायची, दुसऱ्याने झोपायची खोली, तिसऱ्याने स्वयंपाकघर. लोक फिरून बघतात आणि बाहेर पडताना कुठली खोली उठून दिसली यावर बोलतात.

तुम्ही म्हणाल, त्याचं आपल्याला काय? आपल्याला आहे ते दोनअडीचशे फुटांचं घरकुल. पण ऐका. ज्यांचं घर लहान, त्यांनाच खोली नीट मांडायची गरज जास्त. मोठ्या घरात एखादी जागा वाया गेली तर चालून जातं, लहान घरात दार चुकीच्या बाजूला उघडलं तरी बाईला रोज वळसा पडतो. आणि नमुन्याच्या घरांच्या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. खोली मांडणारा एक असतो आणि त्या खोलीत दिवसभर राबणारी दुसरीच असते. जिथे राबणारीने स्वतः माप घेतलं, तिथे खोली बदलली. हेच आज सांगायचं आहे.

आधी आपल्या मराठवाड्यातल्या जुन्या घरापासून सुरुवात करू. माळवदाचं घर तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी पाहिलं आहे. दगडमातीच्या दोन-तीन फूट जाड भिंती. वर लाकडी तुळया, त्यावर किलचन, त्यावर पाला आणि सगळ्यांत वर पांढऱ्या मातीचा थर. एप्रिल-मेच्या उन्हात असं घर गार राही. दारापाशी ढाळज, मग अंगण, ओसरी, आत माजघर, त्याच्याही आत स्वयंपाकघर आणि देवघर. धान्याला बळद, भांड्यांना उतरंड, दिव्याला दिवळी, मागे परसदार आणि न्हाणी. एकेक जागा कामाने ठरलेली होती. बळदात ज्वारी टिकत होती, दिवळीतल्या दिव्याला वारा लागत नव्हता.

पण या मांडणीत एक बाजू अंधारातच होती. ढाळजेत आणि ओसरीवर पुरुष बसत, तिथे उजेड होता, वारा होता. बाईची जागा आत. माजघराला खिडकी नसे, असला तर माळवदातला एखादा झरोका. चुलीचा धूर त्या झरोक्यातून जमेल तेवढा जाई, उरलेला बाईच्या डोळ्यांत आणि छातीत. बाळंतीण तर घरातल्या सगळ्यांत अंधाऱ्या खोलीत. शिवाय हा वाडा सगळ्यांचा नव्हताच. शेतमजुराचं, गावकुसाबाहेरच्या माणसाचं घर म्हणजे तुराट्या-पऱ्हाट्यांचा कूड, त्याला शेणामातीचं लिंपण आणि एकच खोली. तिच्याच कोपऱ्यात चूल, तिच्याच कोपऱ्यात अंथरूण.

माळवदाबद्दल अजून एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती लागणार आहे. पावसाळ्यात माळवद गळू नये म्हणून लोक वर मातीचा नवा थर टाकत. वर्षानुवर्षं थरावर थर चढत गेला आणि छताचं वजन वाढत गेलं.

आता मुंबईला जाऊ. नोव्हेंबर १९३७. मुंबईच्या टाउन हॉलमध्ये, म्हणजे रुंद पायऱ्यांच्या आणि मोठ्या खांबांच्या ज्या इमारतीत एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय आहे तिथे, इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स या वास्तुशिल्पींच्या संस्थेने ‘आयडियल होम’ म्हणजे आदर्श घराचं प्रदर्शन भरवलं. कल्पना लंडनकडची. तिथे १९०८ पासून एका वर्तमानपत्राने अशी प्रदर्शनं सुरू केली होती. मुंबईचं प्रदर्शन बारा दिवस चाललं आणि लाखभर माणसं ते बघून गेली. त्या वेळी सगळ्या मुंबईची वस्ती बारा ते पंधरा लाखांच्या दरम्यान होती. म्हणजे साधारण दर बारा-पंधरा माणसांमागे एक, इतकी गर्दी झाली.

लोक काय बघायला गेले? नव्या धर्तीच्या खोल्या, नवं लाकूडसामान, नळ आणि फरशी लावलेली न्हाणीघरं, विजेवर चालणारी उपकरणं. तो काळच तसा होता. मरीन ड्राइव्ह, दादर, माटुंगा या भागांत सिमेंट काँक्रीटच्या इमारती उभ्या राहत होत्या. गावाकडचा वाडा सोडून शहरात आलेल्या नोकरदार कुटुंबांना दोन-तीन खोल्यांचा ब्लॉक मिळत होता. त्यात ओसरी नाही, परसदार नाही, न्हाणी घराच्या आत, संडासही घराच्या आत. अशा घरात राहायचं कसं, हे त्यांना कुणीतरी दाखवायला हवं होतं. पुण्याचे इंजिनिअर रा. श्री. देशपांडे याच काळात मध्यमवर्गीयांच्या स्वस्त आणि आरोग्यदायी घरांवर पुस्तकं लिहीत होते. त्यांत घरांचे नकाशे होते, उजेडाचा, वाऱ्याचा आणि सांडपाण्याचा विचार होता. बाईच्या खोलीला खिडकी हवी, हा विचार छापील कागदावर येऊ लागला, हे या काळाचं देणं मानलं पाहिजे.

मात्र त्या वेळी मुंबईत गिरणी कामगारांची बहुतेक कुटुंबं चाळीत, एका खोलीत राहत होती. टाउन हॉलमधली खोली त्यांना परवडणारी नव्हती. आणि आपल्या भागात, जो तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्या प्रदर्शनाची बातमी किती बायांपर्यंत आली असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

याच्या दहा-अकरा वर्षं आधीची एक परदेशातली गोष्ट सांगते, कारण ती आपल्या ओट्याशी जोडलेली आहे. जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात कामगारांसाठी हजारो घरं बांधायची ठरली. १९२६ मध्ये मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या बाईने त्यांच्यासाठी स्वयंपाकघर आखलं. जेमतेम सव्वासहा फूट रुंद आणि अकरा फूट लांब. घड्याळ लावून कामं मोजली, रेल्वेच्या डब्यातलं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर ठेवलं, आणि बाईला कमीत कमी पावलं टाकावी लागतील असं सगळं बसवलं. उभ्याने करायचा ओटा, वर कपाटं, डाळ-तांदळाला ओढायचे डबे. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरं तिथे बसली. आज शहरातल्या घरांत जो ओटा आणि त्यावरची कपाटं दिसतात, त्यांच्या घराण्यात हे स्वयंपाकघर येतं.

पण गंमत बघा. या बाईंनी पुढे स्वतःच सांगितलं की हे स्वयंपाकघर आखेपर्यंत त्यांनी कधी घर चालवलं नव्हतं आणि स्वयंपाकही केला नव्हता. त्यामुळे खोली झाली नेटकी, पण एकाच माणसाची. तिथे सासू-सून, मायलेकी मिळून काम करू शकत नव्हत्या, आणि लेकरू खेळताना नजरेसमोर ठेवणंही अवघड होतं. म्हणजे आखणारी बाई आहे एवढ्याने भागत नाही. त्या खोलीत राबणाऱ्या बाईला विचारावं लागतं.

आता पुन्हा आपल्याकडे. मुंबईतल्या प्रदर्शनाच्या वर्षभर आधी, ३० एप्रिल १९३६ रोजी, गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावला राहायला आले. त्याच गावाचं पुढे सेवाग्राम झालं. तिथलं घर गावात मिळेल त्याच सामानाचं असावं आणि खर्च १०० रुपयांवर जाऊ नये, अशी त्यांची अट होती. माती, बांबू, कवेलू यांची ती कुटी आजही उभी आहे. आतली जमीन सारवलेली, बसायला चटई, सामान ठेवायला थोडीशी फळी. मीराबेननी तिथल्या मातीच्या भिंतीवर मातीनेच ताडाची झाडं उठावाने काढली आहेत. आपल्यातल्या काही गटांची सहल वर्ध्याला गेलेली आहे, त्यांनी ती पाहिली असतील. ही कुटीही एक नमुन्याचं घरच झाली. टाउन हॉलमधल्या खोल्या बारा दिवसांत निघून गेल्या, ही मात्र बघायला लोक अजून जातात.

वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचं काम चाले. तिथे बिनधुराच्या चुलीवर प्रयोग झाले आणि त्यातून मगन चूल आली. आपल्या बाजूने, म्हणजे हैदराबादकडूनही असंच काम झालं. हैदराबाद राज्याच्या इंजिनिअरिंग संशोधन प्रयोगशाळेत एस. पी. राजू नावाचे इंजिनिअर होते. त्यांनी मातीची, एकावेळी दोन-तीन भांडी बसतील अशी, धुराडं असलेली चूल तयार केली आणि १९५३ मध्ये बिनधुराच्या स्वयंपाकघरावर पुस्तक लिहिलं. धूर, काजळी, धग, जळणाची नासाडी आणि आगीचा धोका या पाच त्रासांतून बाईला सोडवायचं, असा त्यांचा विचार होता. त्या वेळी आपलं हिंगोली परभणी जिल्ह्यात आणि परभणी हैदराबाद राज्यात होतं. म्हणजे देशभर चुलीचा विचार सुरू झाला, त्यातला एक मोठा माणूस आपल्याच राज्याच्या प्रयोगशाळेत बसला होता.

पुढे १९८३ पासून केंद्र सरकारनेच सुधारित चुलींचा कार्यक्रम हाती घेतला. २००२ पर्यंत तो चालला आणि देशात तीन कोटींहून जास्त चुली बसवल्या गेल्या. तुमच्या आईच्या, सासूच्या घरातही कदाचित बसली असेल. मग ती गेली कुठे? पुष्कळ घरांत ती मोडून पुन्हा जुनी चूल मांडली गेली. चुलीचं तोंड आपल्या तव्याला आणि मोठ्या भगुण्याला बसत नव्हतं. धुराडं साफ करायला कुणी शिकवलं नव्हतं. जळण बारीक फोडून घालावं लागे, आणि आपल्याकडे तर तुराट्या-पऱ्हाट्या लांबच्या लांब आत सारायची सवय. चूल चांगली होती, पण ज्या घरात बसवायची त्या घरातलं भांडं आणि जळण आधी कुणी पाहिलं नव्हतं.

जिथे पाहिलं, तिथे काय झालं तेही सांगते. हरियाणात चंदीगडजवळ नाडा नावाचं गाव आहे. १९८० च्या सुमाराला मधू सरीन या वास्तुशिल्पी बाई तिथे गेल्या. त्यांनी गावातल्या बायांबरोबर बसून चूल केली. कुणाची कढई किती मोठी, कोण बसून करते, कुणाचं जळण कसलं, हे विचारून माप बदलत गेल्या. चूल बांधायलाही गावातल्याच बायांना शिकवलं, त्यामुळे मोडली तर दुरुस्ती करणारी शेजारीच होती. ती ‘नाडा चूल’ म्हणून नावाजली.

आता मी मुख्य गोष्टीकडे येते. ती आहे मुंबईतल्या भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायांची.

१९८० च्या दशकात मुंबईच्या फुटपाथवर हजारो कुटुंबं राहत होती. कुणी बिहारकडची, कुणी दक्षिणेकडची, कुणी आपल्या महाराष्ट्रातली, दुष्काळाने आणि कर्जाने गाव सोडून आलेली. भिंतीला टेकवलेलं प्लास्टिक आणि गोणपाट एवढंच त्यांचं घर. अंथरूण पसरलं की घर संपलं. महापालिकेची गाडी येई आणि ते मोडून, भांड्यांसकट उचलून नेई. हे प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. जुलै १९८५ मध्ये कोर्टाने निकाल दिला. जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्क येतो हे कोर्टाने मानलं, पण नोटीस देऊन झोपड्या हटवायला महापालिकेला मोकळीकही दिली. फुटपाथवर भीती पसरली.

त्याच्या आदल्या वर्षी, १९८४ मध्ये, शीला पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्पार्क’ ही संस्था काढली होती. संस्थेने भायखळ्याच्या बायांबरोबर फुटपाथवरच्या घरांची मोजणी केली. सुमारे ६,००० कुटुंबांची नोंद झाली. सरकारच्या कागदावर जी माणसं नव्हती ती आकड्यांत आली. मग या बायांनी आपला संघ केला, ‘महिला मिलन’. रोजची थोडी थोडी बचत सुरू झाली. अडीनडीला त्यातूनच कर्ज. आपण गटात जे करतो तेच, फक्त त्यांना घराचा पत्ता नव्हता.

मग प्रश्न आला की सरकारने उद्या जागा दिली, तर घर कसं हवं? कुणी इंजिनिअर येऊन नकाशा काढून देईल म्हणून त्या थांबल्या नाहीत. आधी त्या दुसऱ्यांची पक्की घरं बघून आल्या. काय आवडलं, काय गैरसोयीचं आहे, यावर बसून बोलल्या. मग जागा मोजायला लागल्या. पुष्कळ जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं आणि फूट-इंचाचा सराव नव्हता. पण साडी केवढी असते ते माहीत होतं, आपला हात किती वर पोचतो ते माहीत होतं. त्यांनी आपलं शरीर आणि आपली साडी यांचंच माप केलं. आधी छोटे नमुने केले, मग लाकडाचे वासे आणि कापड लावून खऱ्या आकाराचं घर उभं केलं. आत शिरता येईल, उभं राहता येईल असं. १९८६-८७ च्या सुमाराला मुंबईत या घरांचं प्रदर्शन भरलं. वस्त्यांमधल्या बाया बघायला आल्या आणि सरकारी अधिकारीही आले. श्रीमंतांच्या शहरात घरांची प्रदर्शनं नेहमी भरत होती. हे प्रदर्शन फुटपाथवरच्या बायांनी भरवलं होतं, आणि अधिकाऱ्यांना खोली समजावून सांगत होत्या त्या स्वतः.

त्यांनी आखलेल्या खोलीत दोन गोष्टी उठून दिसत होत्या.

पहिली म्हणजे उंची. त्यांनी खोलीची उंची १४ फूट मागितली. खालची जागा वाढवायला पैसे नाहीत, जमीन नाही. पण उंची मिळाली तर मध्ये माळा टाकता येतो. खाली चूल, बसणं-उठणं, काम. वर झोपणं, मुलांचा अभ्यास, सामान. एका खोलीच्या दोन खोल्या होतात. आणि घरातल्या बाईला, वयात आलेल्या मुलीला आडोसा मिळतो.

दुसरी गोष्ट ऐकून तुम्हाला नवल वाटेल. त्यांनी प्रत्येक घरात संडास मागितला नाही, काही घरांत मिळून एक असा मागितला. घरात संडास घेतला की खर्च वाढतो, घर महाग झालं की श्रीमंताचा डोळा त्यावर पडतो आणि गरिबाच्या हातून ते सुटतं, असा त्यांचा हिशेब होता. आज आपण घरोघरी शौचालय मागतो आणि गावाकडे ते बरोबरच आहे. त्यांचं उत्तर आपण उचलायचं नाही. उचलायची ती त्यांची पद्धत. प्रत्येक सोयीची किंमत काय पडते, ती सोय कुणाला मिळते आणि तिच्यामुळे कुणाचं काय जातं, हा हिशेब त्यांनी स्वतः मांडला होता.

घर मिळायला त्यांना पुढे कितीतरी वर्षं लागली. शेवटी मानखुर्दला ‘मिलन नगर’ उभं राहिलं आणि फुटपाथवरची कुटुंबं तिथे गेली. भायखळ्याची रीत मग देशात आणि देशाबाहेरही पसरली. ठिकठिकाणी वस्त्यांमधल्या बायांनी खऱ्या आकाराची घरं कापडाने उभी करून दाखवली.

इकडे आपल्या मराठवाड्यावर मोठा घाला पडला. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट. किल्लारीचा भूकंप. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत जवळपास ८,००० माणसं गेली. मघाशी मी माळवदाचं वजन लक्षात ठेवा म्हटलं होतं. दगडमातीच्या भिंतींना आतून बांधणारं काही नव्हतं आणि डोक्यावर वर्षानुवर्षं चढवलेल्या मातीचा भार होता. भिंती फुगून सुटल्या आणि सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. तेव्हापासून आपल्या लोकांच्या मनात दगडाच्या घराची धास्ती बसली, ती अजून आहे.

त्यानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. कुणाकडे जमीन किती, यावर घराचं माप ठरलं: २५०, ४०० किंवा ७५० चौरस फूट. घरं भूकंपाला टिकणारी होती, रस्ते सरळ आणि रुंद होते. पण खोल्यांची मांडणी शहरातल्या ब्लॉकसारखी. ओसरी नाही, भिंतीआडचं अंगण नाही. बाईने भांडी कुठे घासायची, धान्य कुठे वाळवायचं, बाळंतिणीला कुठे बसवायचं? लोकांनी मग आपापल्या परीने कुंपणाच्या भिंती घातल्या, पत्र्याचे आडोसे केले, चूल बाहेर काढली. दिलेल्या घराला पुन्हा आपलं घर करायला पुष्कळांचे पैसे आणि वर्षं गेली.

याच भूकंपाची दुसरी बाजूही आहे. जी घरं पडली नव्हती पण तडकली होती, त्यांच्या दुरुस्तीचा मोठा कार्यक्रम शेकडो गावांत चालला. त्यात ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेमार्फत गावागावातल्या महिला मंडळांच्या बायांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलं गेलं. या बाया घरोघरी गेल्या, अनुदानाची माहिती दिली, भिंतीत आडवे बंधाचे दगड घातले का, कामाला पाणी मारलं का, हे बघू लागल्या. गवंड्याला प्रश्न विचारणारी बाई गावाने पहिल्यांदा पाहिली. पुढे त्याच भागात बचत गटांचं काम जोरात उभं राहिलं, त्याचं एक मूळ इथे आहे.

आता आपल्या आजच्या घराकडे येऊ. इंदिरा आवास योजनेत घराचं माप २० चौरस मीटर होतं. २०१६ मध्ये प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण आली आणि ते किमान २५ चौरस मीटर झालं, स्वयंपाकाची स्वतंत्र जागा धरून. हे वाक्य नीट ऐका: स्वयंपाकाची जागा नियमातच धरलेली आहे. दुसरा नियम, हे घर ठेकेदाराने बांधून द्यायचं नाही, लाभार्थ्याने स्वतः बांधायचं. म्हणजे खोल्यांची मांडणी ठरवायची संधी तुमच्या हातात आहे. २०२० मध्ये राज्यात महा आवास अभियान सुरू झालं, त्यात तालुक्याच्या ठिकाणी लोकांना बघायला ‘डेमो हाऊस’ उभारायचं आणि बांधकामाच्या सामानासाठी बचत गटांनी ‘घरकुल मार्ट’ चालवायचं, हेही होतं. १९३७ मध्ये टाउन हॉलमध्ये भरलेलं प्रदर्शन फिरत फिरत आता पंचायत समितीच्या आवारात आलं आहे, असंच म्हणायचं.

आपली हिंगोली असो, सेनगाव, कळमनुरी, वसमत की औंढा, आपल्या पंचायत समितीत असं घर आहे का, विचारा. असेल तर गटाने मिळून बघायला जा. रंग आणि दाराचं पॉलिश नंतर बघा. आधी आत जाऊन खाली बसा. भाकरी थापायला बसल्यासारखं बसा. हात कुठे लागतो ते बघा. डोक्यावर हंडा आहे असं समजून दारातून आत या. धूर कुठून जाईल? आपल्या पुष्कळ घरांत गॅस आहे आणि पाणी तापवायला चूलही आहे, मग चुलीची जागा कुठे दाखवली आहे? मोरीचं पाणी कुठे जातं? कपडे बदलायला आडोसा आहे का? सोयाबीनची पोती, हळदीचे कट्टे, तुरीची कोठी कुठे ठेवायची? आपल्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ती ठेवायला घरकुलात कोपरा आहे का, हे आपणच विचारायचं. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईने विचारायचं की सहा महिने घर बंद राहिलं तर सामान कुठे सुरक्षित राहील.

आणि पाया खोदायच्या आधी भायखळ्याच्या बायांनी केलं तसं करून बघा. ब्लाऊजपीस काढलेली आपली नेहमीची साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे १८ फूट भरते. अंगणात एक साडी लांब पसरा, ती एक बाजू. दुसरी बाजू १५ फूट घ्या. झालं २७० चौरस फूट, म्हणजे बरोबर २५ चौरस मीटरचं घर. भिंतीची जाडी कुठे धरायची ते इंजिनिअरला विचारा. रांगोळीने खोल्या आखा, दार कुठे आणि खिडकी कुठे ते दाखवा. मग घरातलं सामान खरोखर आणून ठेवा: पेटी, खाट, कोठी, शिलाई मशीन, शेगडी, हंडे. सासूबाईंना बोलवा, जावेला बोलवा, पोरींना बोलवा आणि अर्धा तास आत फिरून रोजची कामं करून बघा. कुठे अडतं ते लगेच कळेल. रांगोळीची भिंत हाताने पुसता येते, विटेची भिंत पाडायला पैसे लागतात.

शेवटी अजून एका नमुन्याबद्दल बोलते. घराचा उतारा आपल्याला ग्रामपंचायतीत नमुना नंबर ८ मध्ये मिळतो. ग्रामपंचायतीच्या नोंदीत घर नवरा-बायको दोघांच्या नावावर असावं, असा शासनाचा २००३ चा निर्णय आहे. घरकुलाच्या नियमातही घर बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर द्यावं असं म्हटलं आहे. खोली कितीही सोयीची झाली आणि कागदावर आपलं नाव नसलं, तर उद्या कुणी बाहेर काढलं तेव्हा ओटा आपल्या उंचीचा होता हे सांगून काय उपयोग?

तेव्हा पुढच्या बैठकीत एक ठराव घ्या. गटातल्या ज्या ताईचं घरकुल मंजूर झालं आहे, तिच्या अंगणात सगळ्यांनी मिळून साडी पसरायची आणि घर मोजायचं. त्याच दिवशी दोघी-तिघींनी ग्रामपंचायतीत जाऊन आठ नंबरचा उतारा काढायचा आणि त्यावर कुणाचं नाव आहे ते वाचून यायचं. मोजताना काय काय बदलावंसं वाटलं ते वहीत लिहून ठेवा आणि आपल्या रेडिओला कळवा. पुढच्या वेळी तुमच्यापैकीच कुणीतरी इथे बसून ते सांगेल. नमस्कार.